उजेडाच्या खोलीतले फोटो

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर माणसं दाटीवाटीनं उभी होती, आणि प्रत्येकाच्या हातात फोटो. कुणी पाकिटात जपलेले, कुणी पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कुणी पत्त्यांसारखे पसरून धरलेले. एकमेकांचं नावगाव ठाऊक नसलेली माणसं एकमेकांना आपापले चेहरे दाखवत होती.

"हा बघा पहिला. मढ्यासारखा दिसतोय की नाही? आणि हा मागच्या आठवड्यातला."

"अरे वा! डोक्यामागे उजेड केवढा वाढलाय तुमच्या!"

"तर हो! गोळ्या सगळ्या गटारात टाकल्या. बायको म्हणते, नवरा नवा मिळाला!"

या गर्दीतून धाकटी ताईचा हात धरून वर चढत होती. मध्येच थांबायची, आणि थांबली की हसायची. दम लागलाय हे बहिणीला कळू नये म्हणून. ताईला ते कळत होतं. तीही मग पायरीवर थांबायची.

ताई फोटोग्राफीच्या एका संस्थेत पोर्ट्रेट शिकवायची. माणसाचा चेहरा कॅमेऱ्यात कसा धरावा, दिवा कुठे ठेवावा, सावली किती राहू द्यावी, यात तिचे केस पिकले होते. स्पर्धांना परीक्षक म्हणून तिला लांबून लांबून बोलावणं यायचं. फोटो तिच्या हातात गेला म्हणजे सोनं कसाला लागलं, असं विद्यार्थी म्हणत. सुट्टी लागली म्हणून ती धाकटीकडे राहायला आली होती. दार उघडणारी धाकटी पाहिली आणि ताईच्या हातातली पिशवी खाली पडली. गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली. आणि ही बाई हसून म्हणते, "ताई, मी बरी होतेय गं! उद्या तुला दाखवतेच."

ते दाखवणं म्हणजे हा हॉल.

आत खुर्च्या मांडल्या होत्या, समोर मोठा पडदा, आणि कोपऱ्यात काळ्या कापडानं बंद केलेली एक खोली. तिला म्हणायचं 'उजेडाची खोली'. तिथे एका वेळी एकच रोगी जायचा, दुसऱ्या कुणाला डोकावायची बंदी. आणि मग उजेडबाबा बाहेर आला. दाढी नाही, जटा नाही, भस्म नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गळ्यात कॅमेरा. बाबाही काळाप्रमाणे सुधारतात.

"मला बाबा म्हणू नका!" तो दोन्ही हात वर करून म्हणाला, आणि सगळ्यांनी लगेच "बाबा! बाबा!" केलं. "मी कोण? मी नुसता बटण दाबणारा. माणूस खोटं बोलतो. रिपोर्ट खोटं बोलतो. वजनकाटा तर अट्टल खोटारडा! पण कॅमेरा कधी—"

"खोटं बोलत नाही!" हॉल गरजला.

"रोग म्हणजे काय? अंधार. अंधार सुरीनं कापता येतो का हो? कापा बघू! अंधाराला इंजेक्शन देता येतं? दिवा लावा, अंधार पळाला! तुमच्या पेशीपेशीत एकेक पणती आहे. ती विझली की रोग, पेटली की आरोग्य. माझा कॅमेरा त्या पणत्यांचे सूक्ष्म तरंग चौथ्या पातळीवरून खेचतो. विज्ञान आहे हे, विज्ञान! परदेशातले लोक आत्ता कुठे शिकायला लागलेत."

चौथी पातळी कुठली, आणि पहिल्या तीन कुठे गेल्या, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बाबाचे नियम मात्र सगळ्यांना तोंडपाठ होते. फोटोला दर वेळी तेच कपडे घालायचे, म्हणजे फरक फक्त उजेडाचा दिसेल. औषध बंद, कारण औषधानं उजेड गढूळ होतो. वजनकाट्यावर पाय ठेवायचा नाही, उजेड जमिनीत उतरतो. आरशात फार बघायचं नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं नाही, त्यानं उजेड फुटतो.

ताईनं मनात म्हटलं, याला खोटं कुठून गळतं ते पक्कं ठाऊक आहे. एकेक भोक बुजवलंय.

धाकटीची पाळी आली. निळ्या फुलांचा कुडता सारखा करत ती काळ्या कापडाआड गेली. थोड्या वेळानं तिचा चेहरा समोरच्या मोठ्या पडद्यावर उमटला आणि हॉलमधून एकच "आहाहा" उठलं. ताईसुद्धा खुर्चीत पुढे सरकली. जन्माची सवय, आधी फोटो बघितला, मग बहीण.

फोटो सुरेख होता. तिच्यासमोर स्पर्धेत आला असता तर तिनं तो बाजूला काढून ठेवला असता. हनुवटी किंचित खाली, मान जराशी वळलेली, डोळे ओलसर आणि अगदी स्पष्ट. गालांवर कोवळा, ऊबदार उजेड. केसांच्या कडांना सोनेरी रेघ आणि तिच्यामागे उगवतीसारखं पसरलेलं तेज. पडद्यावरची धाकटी भरल्या अंगाची, तृप्त दिसत होती. आणि त्याच वेळी काळं कापड सारून जी बाहेर आली, तिला खुर्चीला धरून चालावं लागत होतं.

हॉलमधल्या एकानंही मान वळवून तिच्याकडे पाहिलं नाही. सगळे पडद्याकडे बघत होते.

*

धाकटी कपडे शिवायची. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान: खिडकीशी मशिन, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीला कागदी नमुने टांगलेले. नवरा कुलपांची दुरुस्ती करायचा. शब्दाला कमी, हाताला पक्का माणूस.

गाठ लागली तेव्हा सर्जनबाईंनी तपासून स्वच्छ सांगितलं होतं, "लहान आहे. काढून टाकू, पुढचे उपचार करू. वेळेत आलीस." पण दोघींची आई ऑपरेशनला म्हणून गेली होती ती परत आली नव्हती. सुरीचं नाव निघालं की धाकटी विषय बदलायची. तेवढ्यात शेजारणीनं उजेडबाबाचं नाव सांगितलं. सुरी नाही, सुई नाही, नुसतं खुर्चीत बसायचं आणि फोटो काढून घ्यायचा. बुडत्याला काडीचा आधार. इथे तर काडीला सोनेरी कडा होती. ताई फोनवर विचारायची, "उपचार चालू आहेत ना?" धाकटी म्हणायची, "हो, चालू आहेत." तिच्या लेखी ते खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी ताईनं सगळे फोटो टेबलावर ओळीनं मांडले.

"आता बघ!" धाकटी उत्साहानं म्हणाली. "तू परीक्षक ना? मग कर परीक्षा. हा पहिला आणि हा आजचा. आहे की नाही फरक?"

"आहे," ताई म्हणाली. "खूप आहे." आणि भिंग काढून ती वाकली.

मेहुणे दाराशी टेकून उभे होते. "ताई, तुमचा विश्वास नाही, ठाऊक आहे. पण डोळ्यांना दिसतं ते कसं नाकारायचं?"

"डोळ्यांना दिसतं तेच तर बघतेय. या, तुम्हीही बघा. पहिल्या फोटोत तिच्या डोळ्यात काय दिसतं?"

त्यांनी भिंग घेतलं. "एक बारीक ठिपका. वरच्या बाजूला."

"तो उघडा बल्ब. डोक्यावर टांगलेला. वरून उजेड पडला की डोळ्यांच्या खोबणीत अंधार साठतो, गाल खोल दिसतात. धडधाकट पैलवान बसवा त्याखाली, आजारी दिसेल. नाक बघा किती मोठं आलंय, कानशिलं आत गेलीत. कॅमेरा तोंडाला चिकटवून, खालून काढलाय. आता आजचा बघा."

"चौकोन आहे. मोठा, पांढरा. आणि खाली अजून एक फिकट."

"मोठा चौकोन म्हणजे कापडाआडचा दिवा, त्याचा उजेड मऊ पडतो. खालचा म्हणजे मांडीवर ठेवलेला पांढरा पुठ्ठा. खालून उजेड परतवला की खळगे भरतात. केसांना सोनेरी रेघ देणारा दुसरा दिवा बाजूला, आणि तिसरा डोक्याआड लपवलेला. तो दर आठवड्याला थोडा वाढवायचा, की तेज वाढलं! पहिला दिवस ते आजपर्यंत बदललेत ते दिवे." तिनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. "हा माणूस अडाणी नाही. कुठेतरी साबणाच्या नाहीतर क्रीमच्या जाहिराती काढत असणार. काम चोख आहे त्याचं."

"नाही," धाकटी म्हणाली. "तुला दिवेच दिसतात सगळीकडे. तुझा धंदाच तो. मला आतून बरं वाटतंय त्याचं काय?"

ताईनं वाद घातला नाही. वाद घालून कुणाचा दिवा विझत नाही, हे ती वर्गात शिकली होती. करून दाखवावं लागतं. तिनं मेहुण्यांना स्वयंपाकघरातल्या बल्बखाली स्टुलावर बसवलं, फोन त्यांच्या नाकाशी धरून खालून एक फोटो काढला. मग त्यांना पुढच्या खोलीत आणलं. दोरीवर पांढरी चादर टाकून तिच्यामागे टेबलावरचा दिवा ठेवला. मांडीवर पांढरं कापड अंथरलं. शिवणकामाचा दुसरा दिवा त्यांच्या डोक्यामागे लपवला. शेवटी उजेड पसरावा म्हणून ओठांना लावायच्या मलमाचं बोट फोनच्या कॅमेऱ्यावरच्या काचेवर हलकेच फिरवलं आणि दोन पावलं मागे जाऊन बटण दाबलं.

चुलीवरचा चहा उतू जायच्या आत दोन्ही फोटो तयार होते. एकात मेहुणे आज-उद्याचे सोबती वाटत होते. दुसऱ्यात त्यांच्या मस्तकाभोवती तेज फाकलं होतं.

"अरेच्चा!" कुलूपवाले स्वतःकडे बघतच राहिले. "मलासुद्धा?"

"तुम्हाला काय, या मशिनलासुद्धा येईल." ताईनं तोच दिवा शिलाई मशिनमागे सरकवला. मशिनभोवती असं काही तेजोवलय उमटलं की पुढ्यात हात जोडावेत!

मेहुणे हसले. मग त्यांनी टेबलावरचा बायकोचा आजचा फोटो उचलला. "आयुष्यभर कुलपं उघडून आत काय फिरतं ते बघत आलो," ते पुटपुटले. "आणि त्या एका खोलीचं दार तेवढं उघडून बघावंसं वाटलं नाही मला."

धाकटी हसली नव्हती. ती हट्टानं म्हणाली, "दिवे असतील. नाही कोण म्हणतंय? पण मी भरलेय ते भरलेच आहे. कुडता कसा चापूनचोपून बसलाय बघ आजच्या फोटोत. हडकलेल्या बाईच्या अंगावर कपडा लोंबतो. माझा लोंबतोय का?"

ताईनं पुन्हा भिंग घेतलं. पहिला फोटो, आजचा फोटो. पुन्हा पहिला. तिला जे दिसलं ते नको होतं दिसायला.

"धाकटे, पहिल्या फोटोत गळ्यापासून मुंढ्याच्या शिवणीपर्यंत दोन फुलं आहेत. पुरी दोन. खांद्याला बाही जोडलीय ना, तिथपर्यंत. आणि आजच्यात दीडच आहे. दुसरं फूल शिवणीत अर्धं गेलंय."

ताईनं दोन्ही फोटो तिच्यापुढे सरकवले.

"कुडता तोच आहे ना?"

 धाकटीनं अंगातल्या कुडत्याच्या खांद्याला हात लावला. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेली बोटं शिवणीवरून एकदा वर गेली, एकदा खाली आली.

"मीच आत घेतला," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "घसरायचा खांद्यावरून. दर वेळी फोटोला जायच्या आधी टीप मारायचे. मुंढ्याला, मग बगलेत, मग बरगड्यांशी. मला वाटायचं, कापड सैल पडलंय धुऊन धुऊन." ती थांबली. "नाही गं. तसं नव्हतं वाटत. मापाची बाई मी, मला कळणार नाही होय? टेप नाही लावला मी स्वतःला, ताई. एकदासुद्धा नाही लावला. फोटो इतका छान यायचा ना…"

आणि मग ती रडली. लहानपणी रडायची तशी, ताईच्या कमरेला मिठी मारून. मिठीत हाडंच हाडं लागत होती.

*

सर्जनबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ताईला नंतर वाटत राहिलं. माणूस रागावतं तेव्हा अजून काही उरलेलं असतं. बाईंनी तपासण्या केल्या, रिपोर्ट समोर ठेवले आणि खुर्ची धाकटीच्या जवळ ओढून घेतली.

"पसरलंय. आता काढून टाकता येणार नाही. त्रास कमी करता येईल, आणि तो मी नक्की कमी करेन."

"तेव्हाच आली असती तर?" मेहुण्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या खोटं बोलल्या नाहीत. "तेव्हा बरी होण्याची शक्यता पुष्कळ होती."

ते घरी आले. दार उघडताना कुलूपवाल्यांना किल्ली लागेना. शेवटी धाकटीनंच त्यांच्या हातातून घेऊन दार उघडलं.

"मला तिथे परत ने, ताई," ती म्हणाली. "त्या हॉलमध्ये."

"कशाला गं आता?"

"जिन्यावर उभी होती ती माणसं अजून तिथेच उभी असतील."

*

दर सभेला बाबा 'अनुभव' सांगायला माणसं पुढे बोलवायचा. धाकटीनं हात वर केला. बाबा खूश झाला. त्याच्याकडची सगळ्यांत देखणी जाहिरात होती ती.

"या, बाईसाहेब, या! सांगा, उजेडानं काय दिलं?"

मेहुण्यांनी तिला धरून वर चढवलं. ती खुर्चीत बसली, श्वास जमवला, आणि पिशवीतून निळ्या फुलांचा कुडता काढून तिनं तो उलटा केला.

"मी कपडे शिवते," ती म्हणाली. हॉल गप्प होता म्हणून तिचा बारीक आवाज शेवटपर्यंत पोचला. "हा कुडता मीच शिवलाय. ही बाहेरची टीप, मी इथे पहिल्यांदा आले तेव्हाची. तिच्या आत ही दुसरी. तिच्या आत ही. आणि ही. प्रत्येक टीप म्हणजे तुम्ही ज्याला टाळ्या वाजवल्यात तो एकेक फोटो. फोटोत मी भरत होते. कुडता आत जात होता."

बाबा झटकन पुढे झाला. "श्रद्धा डळमळली की असंच होतं! संशयानं उजेड कोमेजतो! मंडळी, यांच्या घरात कुणीतरी नास्तिक—"

"मी आहे," ताई म्हणाली आणि कोपऱ्यातलं काळं कापड तिनं ओढून काढलं.

आत पणत्या नव्हत्या, तरंग नव्हते, चौथी पातळी नव्हती. तीन दिवे होते, एक पांढरं कापड ताणलेली चौकट, एक पुठ्ठा, छताला लोंबणारा एक उघडा बल्ब, आणि खुर्चीमागच्या दिव्याला उजेड कमीजास्त करायची एक चकती. कुठल्याही जुन्या स्टुडिओत असतं तेवढंच सामान.

"बाबा, बसा खुर्चीत," ताई म्हणाली. "तुमचेच दिवे, तुमचाच कॅमेरा. तुमचा उजेड तर सगळ्यांत जास्त असणार."

"मी असल्या परीक्षा देत नाही!"

"बसा की!" मागून एक म्हातारा ओरडला. "आम्ही बसतो, तुम्हाला काय झालं?" मग चारी बाजूंनी सुरू झालं, "बसा, बसा!" बाबाला बसावं लागलं.

ताईनं तिन्ही दिवे बंद केले, वरचा बल्ब लावला, कॅमेरा जवळ नेला आणि बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर उजेडबाबा उमटला. डोळ्यांच्या जागी खड्डे, गालात खळगे, अंगावर प्रेतकळा. मग तिनं दिवे लावले, चकती फिरवली. दुसऱ्या फोटोत तोच माणूस तेजानं न्हाऊन निघाला होता.

"एवढ्यात यांचा कुठला रोग बरा झाला?" ताईनं विचारलं. मग तिनं फोनमधून मशिनचा फोटो पडद्यावर लावला. "आणि हिचा कुठला?"

कुणीतरी फिसकन हसलं. पण ते हसू पुढे सरकलं नाही. लोक हातातल्या फोटोंकडे बघू लागले होते, आणि मग, पहिल्यांदाच, शेजारी बसलेल्या माणसाकडे. नवरा बायकोकडे, लेक बापाकडे. काहीजण चिडले. "आमचा आधार काढून घेऊन तुम्हाला काय मिळालं?" एक बाई ताईवर ओरडली. तिच्या खांद्यावर तिच्या नवऱ्याची मान कलंडली होती. ओरडता ओरडता ती थांबली, तिनं त्याच्या मनगटाकडे बघितलं, आणि ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आता आम्ही काय करायचं?"

उत्तर धाकटीनं दिलं. "मी जे तेव्हा करायला हवं होतं ते. डॉक्टरकडे जा. उद्या नको, आत्ता जा."

बाबा मागच्या दारानं गेला. पुढे त्याच्यावर फिर्याद झाली, ती रेंगाळत चालली आहे. साक्ष द्यायला फार थोडे आले. फसलो हे चारचौघांत सांगणं फसण्यापेक्षा अवघड जातं. पण त्या दिवशी जिना रिकामा होताना कितीतरी माणसं घराच्या उलट दिशेला, दवाखान्याच्या रस्त्यानं वळली, हे मेहुण्यांनी खाली उभं राहून बघितलं.

*

शेवटच्या दिवसांत धाकटी खिडकीशी, मशिनसमोरच्या स्टुलावर बसायची. शिवणं होत नव्हतं. चाकावर हात ठेवून नुसती बसायची.

"माझा एक फोटो काढ ना," एका सकाळी ती म्हणाली. "दिवेबिवे लावू नकोस. मी आहे तशी."

ताईनं कॅमेरा आणला. खिडकीतून येईल तेवढाच उजेड होता. धाकटी सरळ लेन्सकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि ती लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही. ताईनं बटण दाबलं.

"दाखव. आता मार्क दे बघू, परीक्षकबाई."

ताईनं बघितलं. "फोकस डोळ्यांवर हवा होता, तो कानावर गेलाय. आणि हललाय थोडा. माझा हात हलला."

"म्हणजे नापास?"

"नापास."

धाकटी खुदकन हसली. "एवढी मोठी मास्तरीण, आणि बहिणीचा फोटो नापास! आणि त्या लबाडाचा?"

"त्याचा पहिला नंबर," ताई म्हणाली, आणि तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. धाकटीनंच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ती गेली त्यानंतर काही दिवसांनी मेहुण्यांनी दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. उजेडबाबानं काढलेला तो शेवटचा, आणि ताईचा, हललेला.

"भिंतीवर कुठला लावू?" त्यांनी विचारलं. "तुम्ही सांगाल तो."

ताईनं दोन्ही फोटो जवळ ओढले. एकात रचना होती, छाया होती, रंगांचा मेळ होता. बोट ठेवायला जागा नव्हती. तिच्या वर्गात ती हेच सगळं शिकवत आली होती. पण त्या फोटोतली बाई कधी जन्मालाच आली नव्हती. तिला गाठ नव्हती, भीती नव्हती, खांद्यावरून घसरणारा कुडता नव्हता. तीन दिव्यांनी तिला घडवलं होतं, आणि खरी बाई तिच्याकडे बघत बघत संपली.

"ही धाकटी आहे," ती हललेल्या फोटोवर हात ठेवून म्हणाली.

मेहुण्यांनी मान डोलावली, आणि भिंतीत खिळा ठोकायला घेतला. हातोडा दोन वेळा बोटावर बसला.

आता ताईकडे लोक फोटो घेऊन येतात. तिचं नाव पसरलंय. कुणाच्या फोटोत मेलेली आजी दिसलेली असते, कुणाच्या कपाळावर किरण. बाई, खरं की खोटं, तेवढं सांगा. परवा बसचा एक कंडक्टर आला होता, ड्युटीचा गणवेशही न बदलता. दुसऱ्या कुठल्याशा माणसानं त्याच्या लेकीचा काढलेला फोटो त्यानं पुढे केला. "बघा ना, किती टवटवीत दिसतेय. तो म्हणतो, ताप आपोआप उतरेल."

"मुलगी कुठेय?" ताईनं विचारलं.

"खाली. बाकावर बसवलीय. चालवत नाही तिला."

ताईनं फोटो हातात घेतला नाही. पायांत चपला सरकवल्या.

"हे बघा दादा, फोटो चांगला की वाईट, ते मी सांगू शकते. माणूस बरा की आजारी, ते फोटोवरून मी सांगू शकत नाही, तुम्ही नाही, तो माणूस नाही, कुणीच नाही. त्याला नाडी बघावी लागते, रक्त तपासावं लागतं, वजन करावं लागतं. जो माणूस म्हणेल वजन करू नका, तपासू नका, दुसऱ्या कुणाला विचारू नका, त्याच्या दारात क्षणभरही उभे राहू नका. जे खरं असतं त्याला तपासणीची भीती नसते. चला, मी येते तुमच्याबरोबर. मुलीला उचला."